पाणी उतरू नये म्हणून

[भट्टी पेटते. पहिली काही सेकंदं फक्त भात्याचा आवाज.]

पलूस तालुका, जिल्हा सांगली. ऊस तोडीला आलाय, कारखान्यांचं गाळप तोंडावर आहे. या पत्र्याच्या शेडसमोर सकाळपासून कोयत्यांचा ढीग लागलाय. कुणाला नवा घडवून हवाय, कुणाला जुना शेवटून, म्हणजे पुन्हा धार काढून.

ऐरणीवरचा हा लालबुंद तुकडा ट्रकच्या कमानपाट्याचा. स्प्रिंगचं पोलाद. त्यात कार्बन असतो अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण कोयत्याची सगळी ताकद तेवढ्यावर उभी असते. लोहार आबा घण मारायला लावतात मुलाला. सांडशी मात्र स्वतःच्या हातात ठेवतात.

आता नीट बघा. पातं भट्टीतून निघालं, आबांनी रंग पारखला आणि धारेची बाजू जळक्या ऑइलमध्ये बुडवली. बुडवतात तेलात, तरी म्हणायचं ‘पाणी दिलं’. या क्षणी पातं काचेसारखं कडक आहे, आपटलं तर तुटेल. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा मंद आचेवर धरायचं. पात्यावर रंग सरकताना दिसतोय? आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, म्हणजे 220 अंश सेल्सिअसच्या आसपास. मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300 च्या घरात निळा. आबा तपकिरीवर थांबतात. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. चाळीस वर्षांची नजर आहे.

इथपर्यंतचं काम पक्कं. पुढचं काम होतं त्या कोपऱ्यातल्या यंत्रावर.

[बेंच ग्राइंडर सुरू होतो. ठिणग्या.]

दोन दगडांचा बेंच ग्राइंडर. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानात दिसतो तोच. दगड 6 इंची, मोटार मिनिटाला 2880 फेऱ्यांची. म्हणजे दगडाची कड ताशी 80 किलोमीटरच्या वेगानं पात्यावरून जाते. ठिणग्या सुंदर दिसतात, आम्हीही त्या मन लावून चित्रित केल्या. पण तुम्ही ठिणग्यांकडे बघू नका, पात्याच्या टोकाकडे बघा. हा शॉट मुद्दाम हळू केलाय.

निळा डाग.

धार जिथे सगळ्यात पातळ, तिथे उष्णतेला पसरायला जागाच नसते. दोन-तीन सेकंदांत ती जागा तीनशे अंशांवर जाते, आणि आबांनी तपकिरीवर राखलेला कडकपणा तिथेच मऊ पडतो. धारेचं पाणी उतरतं. नंतर कितीही बादलीत बुडवा, ते परत येत नाही. तेवढा भाग घासून काढायचा, नाहीतर पुन्हा भट्टी. असा कोयता दुपारपर्यंत बोथट होतो आणि तोडणाऱ्याच्या मनगटावर येतो.

मिरजेला रस्त्याच्या कडेला हे धारवाले भेटले. सायकल स्टँडवर, पायडल मारलं की दगड फिरतो. इथे पातं निळं पडत नाही, कारण पायाच्या जोरावर दगडाला तेवढा वेगच येत नाही. आपल्याकडे हे काम शिकलगारांचं. तलवारी उजळणारे हे हात. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून बनवलेली त्यांची सराण, म्हणजे धारेचं चाकही, माणसाच्याच जोरावर फिरायची. वेग आणि पाणी यांचं नातं या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. पण पायडलवर दिवसाला शंभर कोयते होत नाहीत.

[कुपवाड एमआयडीसी. पट्टा फिरतो आहे.]

म्हणून आबांचा मुलगा कुपवाडला आला. हे बेल्ट ग्राइंडर. पट्टा 2 इंच रुंद, 72 इंच लांब. सहा इंची दगडाचा घेर जेमतेम एकोणीस इंच, म्हणजे पट्टा जवळजवळ चौपट लांब. पट्ट्यावरचा प्रत्येक कण एकदा घासून गेला की वळसा घालून परत येईपर्यंत गार होतो. आणखी एक गोष्ट जवळून बघा. दगड गोल, त्यामुळे त्यावर पात्याच्या पोटाला खळगा पडतो, धार पातळ होते आणि उसाच्या कांड्यावर तिचे तुकडे उडतात. इथे मागे आधार नसलेल्या सैल पट्ट्यावर पातं टेकवलं की पट्टा किंचित दबतो. धारेमागे पोलाद भरलेलं राहतं, उतार गोलसर येतो. कोयत्याला हाच हवा.

मुलानं आधी विचारलं, मोटार किती एचपीची? सगळे तेच विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगाचा हवा. हे छोटं बटण बघा, व्हीएफडीचं, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचं. सुरुवातीला 40 नंबरचा खरखरीत पट्टा, वेग जास्त, कारण तेव्हा पातं जाड असतं. मग 120, मग 240, आणि धार पातळ होत जाईल तसतसा वेग उतरवायचा. पाणी दिलेल्या पात्याला हातमोजे न घालता हात लावायचा, बोटाला चटका बसायच्या आत बादली. शेडमध्ये सिंगल फेज आहे, म्हणून मुलगा परत फिरणार होता. पण व्हीएफडी सिंगल फेजवरून थ्री फेज मोटार चालवतं. 2 एचपीची मोटार, आतलं कनेक्शन स्टारवरून डेल्टावर घेतलं, एवढंच.

चष्मा, मास्क हवाच, पोलादाची धूळ फुप्फुसात जाते. आणि लोखंडाच्या यंत्रावर ॲल्युमिनियम घासायचं नाही, दोन्हींची धूळ मिसळून पेट घेऊ शकते.

परतीच्या वाटेवर हे किर्लोस्करवाडी स्टेशन. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना या माळावर आणला. त्याआधी बेळगावात त्यांनी यंत्रं बनवायला सुरुवात केली होती ती कडबा कापायच्या यंत्रापासून. म्हणजे पात्यापासूनच. या मातीत शेतकऱ्याचं अवजार आणि यंत्र शेजारी-शेजारीच वाढलेत. आबांच्या शेडमध्ये पट्टा फिरायला लागला, त्यात आम्हाला परकं काही दिसत नाही.

[शेड. संध्याकाळ. पट्टा थांबतो.]

पहिला कोयता. धारेवर रंग नाही, पांढरं स्वच्छ पोलाद. मुलगा तो आबांपुढे धरतो.

“आबा, हात लावून बघा की.”

आबा अंगठा धारेवर आडवा टेकवतात, टोकापर्यंत नेतात.

“गार हाय.”

[भट्टीचा आवाज. कोयत्यांचा ढीग.]