रोडग्यांचा विस्तव

मंडळी, थंडी पडली की नागपुरातली पोरं तंबू बांधून रामटेक, खिंडसीकडे निघतात. रात्री शेकोटी पेटते आणि लगेच पातेलं चढतं. भात खाली करपतो, वर कच्चा राहतो, डोळ्यांत धूर जातो तो वेगळाच. दोष लाकडावर जातो. लाकूड ओलं असेलही, पण बहुतेक वेळा घाई नडते.

लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात. ते पेटले की जाळ दिसतो. हा जाळ वाऱ्याबरोबर झुकतो, भांड्याला काजळी धरवतो, एकाच बाजूला चटका देतो. वायू जळून गेले की उरतो कोळसा, आणि त्याची धग एकसारखी लागते. चहाच्या पाण्याला जाळ चालेल, स्वयंपाकाला निखारेच हवेत. बाभळीसारखं कठीण लाकूड घ्या, त्याचे निखारे टिकतात. कण्हेरीची काडी मात्र चुलीत घालू नका, ती विषारी आहे. चुलीला नदीतले ओले दगडही नकोत; आतल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटतात.

खरं तर विदर्भाला हे शिकवायची गरज नव्हती. आपल्याकडे शेतात रोडगे होतात ते कशावर? गोवऱ्या रचून पेटवायच्या, धूर पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. तोवर गव्हाचं रवाळ पीठ, तेलाचं मोहन, ओवा, मीठ घालून घट्ट मळायचं. निखारे पसरले की त्यावर रोडगे मांडायचे, उलटसुलट भाजायचे, मग गरम राखेत दडपून ठेवायचे. वरचं कवच कडक होतं आणि आतला गोळा स्वतःच्याच वाफेवर शिजतो. बाहेर काढून राख झटकायची, फडक्यानं पुसायचं, कुस्करून तूप ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी, वर भरपूर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. भांडं एक-दोनच लागतं. मुक्कामाला याहून सोयीचं जेवण मला माहीत नाही, आणि तरी आपली पोरं पाकिटातले नूडल्स घेऊन जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. थंडी कितीही असो, निखाऱ्यांची घमेली तंबूत नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

दुसरी गोष्ट जंगलाची. विस्तव शेतात किंवा परवानगी असलेल्या जागीच करा. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. उन्हाळ्याकडे सागाचा पाचोळा इतका वाळतो की एक ठिणगी पुरे. निघताना निखाऱ्यांवर नुसती माती लोटू नका, खाली ते धुमसत राहतात. पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. मग राखेजवळ हाताची पालथी बाजू नेऊन पाहा. ऊब जाणवली तर आणखी एक बादली आणा.