गोव्याची सालं आणि स्मिथचा फोन नंबर

फोन नंबर होता ४९३७७७५. हॅरॉल्ड स्मिथ नावाच्या माणसाचा, आणि त्याचे मेव्हणे अल्बर्ट विलान्स्की अमेरिकेत गणिताचे प्रोफेसर. त्यांनी नंबरातले अंक मिळवले, आले ४२. मग त्याच नंबराचे मूळ अवयव पाडले, ३, ५, ५ आणि ६५८३७, त्यांचे अंक मिळवले तर परत ४२च! झालं, १९८२ मध्ये असल्या संख्यांना स्मिथ संख्या असं नाव पडलं. मूळ संख्या यात घेत नाहीत, तिचा अवयव म्हंजे ती स्वतःच, बेरीज जुळणारच, मग मजा काय राहिली.

यादी सुरू होते ४, २२, २७, ५८, ८५ अशी. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेल्या अनुक्रमांच्या कोशात ती ए००६७५३ नंबरावर सापडते. फोंड्याच्या बस स्टँडवर पायलटांच्या, म्हंजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या, बाइका लायनीत लागलेल्या असतात, तिथे नंबरप्लेटींवर कधी ७२८ आणि ७२९ शेजारी दिसले तर थांबून बघा, लागोपाठच्या असून दोन्ही स्मिथ.

आता आपली गोव्याची सालं घेऊ. १९६१, मुक्तीचं साल. २ ने जात नाही, ३ ने नाही, ७, ११, १३ असं एकेक करत पार ३७ पर्यंत जावं लागतं तेव्हा कुठे भाग लागतो, ३७ गुणिले ५३. तीन नि सात दहा, पाच पंधरा, तीन अठरा. आणि १९६१ च्या अंकांची बेरीज १७. एकाने हुकलं हो! १९८७, घटक राज्याचं साल, ते तर मूळ संख्याच निघालं, म्हंजे एंट्रीच नाही. गंमत म्हंजे त्याच साली वेन मॅकडॅनियल यांनी सिद्ध केलं की स्मिथ संख्या कधी संपतच नाहीत.

मग जुळतं कुठलं? १९६६. गोव्यात जन्मलेले गणिती दा. ध. कोसंबी गेले ते साल. २ गुणिले ९८३, इकडून २२, तिकडून २२.

अंकांच्या बेरजेचा नाद आपल्याकडेही होताच. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची हर्षद संख्या म्हंजे अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती, १७२९ ला १९ ने जातो तशी. १९६६ ला मात्र २२ ने जात नाही, आठ उरतात.