शोकाची काळी शाई: व्हिक्टोरियन काळातल्या जपानी रहस्यकथांविषयी

श्रोतेहो, ज्या चित्रकथांविषयी आज मला बोलायचे आहे, त्या काढल्या जातात जपानमध्ये आणि घडतात मात्र राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये. धुके, गॅसचे दिवे, घोडागाड्या, हवेलीचा प्रशस्त जिना, जेवणाच्या टेबलावरची चांदीची भांडी आणि त्या टेबलापासून दोन खोल्या पलीकडे पडलेले प्रेत, अशी यांची सामग्री असते. आपल्याकडची तरुण मुले हे मांगा, म्हणजे या जपानी चित्रकथा, आवडीने वाचतात आणि त्यांचे आईवडील मला विचारतात की, यात एवढे गुंतण्यासारखे आहे तरी काय? कपडे सुंदर असतात, बटलर देखणा असतो, अंगावर काटा येतो, ही मुलांनी दिलेली उत्तरे खोटी नाहीत. तरीही या कथा पुन्हा पुन्हा वाचताना मला वाटत आले आहे की, त्या मुळात शोकाच्या कथा आहेत. कुणीतरी गेलेले असते, मागे राहिलेल्याला ते सोसवत नाही, आणि गुन्ह्याचा तपास हे त्या न सोसवणाऱ्या दुःखाला लावून दिलेले काम असते.

व्हिक्टोरियन काळच यासाठी का लागावा, याचे उत्तर त्या काळाच्या रीतींमध्ये आहे. आपल्याकडे सुतक दिवसांनी मोजतात; दहावा, बारावा, तेरावा झाला की घर हळूहळू व्यवहाराला लागते. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरांत हीच मोजदाद महिन्यांनी आणि वर्षांनी होत असे. विधवेने दोन वर्षांहून अधिक काळ दुखवट्याचे कपडे घालावेत, सुरुवातीला क्रेपसारखे अजिबात चमक नसलेले काळे कापड वापरावे, शेवटी शेवटी राखाडी आणि फिकट जांभळ्या रंगावर यावे, असा दंडक होता. पत्राच्या कागदाला काळी किनार असे आणि दिवस सरतील तशी ती बारीक होत जाई. दागिने व्हिटबीच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या जेट या काळ्या पदार्थाचे. लॉकेटमध्ये गेलेल्या माणसाच्या केसांची बट. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 1841 साली केवळ दुखवट्याच्या कपड्यांचे एक मोठे दुकान उघडले होते. दुःख कोणत्या पायरीवर आहे हे बाईच्या अंगावरच्या कापडावरून रस्त्यावरच्या परक्या माणसाला कळावे, इतकी ही व्यवस्था नेमकी होती.

या व्यवस्थेच्या शिखरावर खुद्द राणी होती. 14 डिसेंबर 1861 रोजी प्रिन्स अल्बर्ट वारला आणि त्यानंतर 1901 मध्ये स्वतःचा मृत्यू येईपर्यंत व्हिक्टोरियाने काळा वेश सोडला नाही. अल्बर्टची खोली होती तशीच ठेवलेली होती. त्याचे कपडे रोज काढून ठेवले जात आणि दाढीसाठी गरम पाणीही रोज नेले जाई. मला त्या पाण्याइतकाच ते नेणारा नोकर डोळ्यांसमोर येतो. दार उघडायचे, रिकाम्या खोलीत वाफाळते भांडे ठेवायचे, चेहऱ्यावर काही न दाखवता परत यायचे. 1891 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियाच 13 लाखांहून अधिक होत्या; म्हणजे घराघरांतली गुपिते सांभाळणारी माणसे लाखोंनी होती. गॉथिक कथेला, म्हणजे जुन्या हवेल्यांतल्या गूढ भयकथेला, असे घर आणि असा नोकर मिळाला की तिला वेगळे भूत आणावे लागत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. याना तोबोसो यांची ‘कुरोशित्सुजी’, म्हणजे जगभर ‘ब्लॅक बटलर’ या नावाने ओळखली जाणारी मालिका, 2006 पासून एका जपानी मासिकातून क्रमशः येत आहे आणि तिचे 30 हून अधिक खंड झाले आहेत. सिएल फँटमहाइव्ह हा उमराव घराण्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा तिचा नायक आहे. त्याच्या दहाव्या वाढदिवशी हवेलीला आग लागते, आईवडील जातात, आणि स्वतः अनन्वित छळ सोसून तो परत येतो तो एका सैतानाशी करार करूनच. सूड पुरा होईपर्यंत सैतानाने बटलर म्हणून त्याची चाकरी करायची आणि नंतर त्याचा आत्मा घ्यायचा. सिएलची जन्मतारीख 14 डिसेंबर आहे. अल्बर्टच्या मृत्यूची तारीख ती हीच. लेखिकेने हे जाणून केले असेल वा नसेल, पण ज्या राणीसाठी हा मुलगा गुन्हेगारी जगताचे तपास करतो, तिचे आणि त्याचे दुःख पंचांगाच्या एकाच दिवसावर येऊन थांबते.

बटलरचे नाव सबॅस्टियन. हे नाव मुलाने त्याला दिलेले आहे आणि ते त्याच्या कुत्र्याचे होते. या एका तपशिलात मला सगळी मालिका दिसते. सर्वस्व गमावलेला मुलगा सैतानाला हाताशी धरतो आणि त्याला जुन्या घरातले एक नाव देतो. मालिकेचे पालुपद झालेले वाक्यही असेच दुपेडी आहे. सबॅस्टियन दर अचाट पराक्रमानंतर नम्रपणे म्हणतो, ‘अकुमादे शित्सुजी देसु कारा’. ‘अकुमादे’ हा एक शब्द धरला तर अर्थ होतो ‘मी आपला निव्वळ बटलर आहे’. तो तोडून ‘अकुमा दे’ असा ऐकला तर ‘अकुमा’ म्हणजे सैतान, आणि अर्थ होतो ‘सैतान आणि बटलर आहे ना मी’. ज्ञानेश्वरी आणि मोरोपंतांच्या भाषेत वाढलेल्या वाचकाला श्लेषाची गोडी समजावून सांगावी लागत नाही. हा श्लेष मराठीत उतरवणे कठीण आहे, कारण ‘बटलर’लाच आपल्याकडे नेमका शब्द नाही. खानसामा स्वयंपाकघरापुरता, कारभारी हिशेबापुरता. घरातल्या चांदीपासून मालकाच्या लौकिकापर्यंत सगळे ज्याच्या हाती आहे, असा हा माणूस आपल्या वाड्यांत वेगवेगळ्या माणसांत वाटला गेलेला होता.

याच मालिकेतल्या पहिल्या मोठ्या रहस्याविषयी बोलायचे तर शेवट सांगावा लागेल. ज्यांनी वाचले नसेल त्यांची क्षमा मागतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 1888 मध्ये झालेल्या, ‘जॅक द रिपर’च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हत्यांचा तपास सिएलकडे येतो आणि तो त्याच्या सख्ख्या मावशीपाशी, मॅडम रेडपाशी, येऊन ठेपतो. ती डॉक्टर आहे. नवरा आणि पोटातले मूल तिने एकाच अपघातात गमावले आहे. मूल होण्याची शक्यताही संपली आहे. मूल नको म्हणून तिच्याकडे आलेल्या बायकांना ती ठार मारते. तरुणपणी तिला आपल्या लाल केसांची लाज वाटत असे. सिएलच्या वडिलांनी त्या केसांना लायकोरिस फुलाची उपमा दिली आणि तेव्हापासून लाल हाच तिचा रंग झाला. जपानमध्ये हे लाल लायकोरिस शरद ऋतूत स्मशानांच्या आसपास फुलते. जपानी वाचकाला त्या उपमेतच पुढचे सारे ऐकू येत असणार. तिच्या अंत्यविधीला सगळे पांढऱ्या फुलांनी आणि काळ्या कपड्यांनी वेढलेले असताना सिएल लाल पोशाख घेऊन येतो आणि तिच्या अंगावर पांघरतो. खुनी कोण हे कळले, प्रकरण मिटले, आणि त्या मुलाने रीतीच्या चौकटीबाहेरचा एक रंग तिच्यासाठी आणला.

येथे माध्यमाचे सामर्थ्य पाहावे. मासिकात ही कथा काळ्या-पांढऱ्यात छापली जाते. तो लाल पोशाख पानावर लाल नाहीच. तो वाचकाने आपल्या मनातून घालायचा असतो. जपानी चित्रकार पान तयार करताना काही भाग काळ्या शाईने सपाट भरून टाकतात, त्याला ‘बेता’ म्हणतात. मधल्या छटांसाठी बारीक ठिपक्यांचा स्क्रीनटोन वापरतात. शोकाचे कापड काढायला यापेक्षा योग्य साधन मला दिसत नाही. क्रेपसारख्या निस्तेज कापडाला शाई सपाट भरली की झाले. रेशमाला त्या काळ्यात एक पांढरी रेघ सोडायची. पुढे राखाडीवर आलेला दुखवटा ठिपक्यांनी दाखवता येतो. पान उलटण्यातही गॉथिक गोष्टीची सोय आहे, कारण दार उघडण्याआधीची चौकट पानाच्या शेवटी ठेवता येते आणि आत काय आहे ते पान उलटल्यावरच कळते.

मॅडम रेडची कथा मला हलवून सोडते, आणि तरी तिच्याविषयी एक तक्रार मनात आहे. व्हाइटचॅपलला ऑगस्ट ते नोव्हेंबर 1888 या काळात ज्या पाच स्त्रिया मारल्या गेल्या असे सामान्यतः मानले जाते, त्यांना स्वतःची आयुष्ये होती. हॅली रुबेनहोल्ड यांनी 2019 मध्ये त्या पाचजणींवर लिहिलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्यांपैकी तिघी वेश्याव्यवसाय करत होत्या याला पुरावाच नाही. दारिद्र्य, व्यसन आणि मोडलेली घरे मात्र त्यांच्या वाट्याला आली होती. चित्रकथेत मारेकरणीच्या दुःखाला कित्येक पाने मिळतात आणि मेलेल्या स्त्रियांच्या वाट्याला काही चौकटी येतात. शोकाचे कापडही ज्यांना परवडत नव्हते त्यांचा शोक या साहित्यप्रकारात फारसा येत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

तपासाला मर्यादा असते हे मात्र या मालिकेला चांगले ठाऊक आहे. पुढे एका वादळी रात्री हवेलीत खून होतात, आणि पाहुण्यांमध्ये आर्थर नावाचा एक तरुण डॉक्टर-लेखक असतो, ज्याने 1887 साली एका गुप्तहेराची पहिली कथा प्रसिद्ध केलेली आहे. तो कोण हे तुम्ही ओळखलेच असेल. त्याला अखेर सारे उमगते, बटलर माणूस नाही हेसुद्धा. पण ते लिहिता येत नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध तर्कनिष्ठ नायकाचा निर्माता एक उत्तर जवळ बाळगून गप्प बसतो, ही कल्पना मला अतिशय सुंदर वाटते.

जपानला या काळाची ओढ का, यावर बरेच बोलता येईल. मी एकच प्रसंग सांगतो. नात्सुमे सोसेकी हा थोर कादंबरीकार 1900 ते 1902 या काळात लंडनमध्ये शिकत होता. राणी वारली तेव्हा तो काळे हातमोजे घ्यायला दुकानात गेला आणि नवे शतक अशुभ रीतीने उघडले, असे दुकानदार त्याला म्हणाला. अंत्ययात्रेच्या दिवशी गर्दीत काही दिसेना, तेव्हा घरमालकाने त्याला खांद्यावर घेतले. परक्या देशाच्या शोकात योग्य रंगाचे हातमोजे घालून उभा राहिलेला तो जपानी विद्यार्थी मला या सगळ्या चित्रकारांचा पूर्वज वाटतो. त्यांनाही ती रीत बाहेरूनच शिकावी लागली आहे, आणि म्हणूनच ती इतक्या काटेकोरपणे काढता येते.

बाहेरून पाहणारा चुकतोही. ‘ब्लॅक बटलर’मध्ये बंगालचा राजपुत्र आणि त्याचा एकनिष्ठ सेवक लंडनला येतात. बंगाल तेव्हा संस्थान नव्हते. तेथे इंग्रजांचा थेट अंमल होता. मला हा सेवक फार आवडतो, पण या कथांत आपला देश बहुतेक वेळा हत्ती, मसाले आणि भक्ती एवढ्याच रूपात येतो. खरे तर 1888 चे मुंबई शहर या जगाचाच भाग होते. 1878 मध्ये सुरू झालेले बोरीबंदरच्या स्थानकाचे काम 1888 मध्येच पुरे झाले. त्याच्या भिंतींवर दगडी प्राणी आजही वाकून पाहतात. आपण त्यांच्याखालून लोकल पकडायला धावतो आणि भीती वाटत नाही, कारण ते स्थानक आहे; बंद दाराचे घर नाही.

बंद दार मात्र तेव्हाच्या मुंबईतही होते, आणि एका मराठी मुलीने ते न्यायालयात उघडले. रखमाबाईंचे लग्न बालपणी झालेले होते. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. 1884 मध्ये नवऱ्याने दावा लावला, आणि 1887 मध्ये नांदायला जा नाही तर तुरुंगात जा, असा निकाल झाला तेव्हा आपण तुरुंगात जाऊ, असे त्यांनी सांगितले. 1888 मध्ये पैसे देऊन ते प्रकरण मिटले आणि 1889 मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या. म्हणजे ज्या काळातल्या लंडनमध्ये सिएलची घोडागाडी फिरते, त्याच काळात त्याच धुक्यात ही मुलगी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची वाट चालत होती. पुढे डॉक्टर होऊन त्या परतल्या. 1904 मध्ये तो नवरा वारला, आणि ज्याच्या घराची पायरी चढायची नाही म्हणून तुरुंग पत्करायला त्या निघाल्या होत्या, त्याच्यासाठी त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. का नेसली, हे रहस्य मला कुठल्याही खुनाच्या कथेपेक्षा खोल वाटते. ती साडी मांगाच्या पानावर कशी काढतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. तिथे शाई भरायची नसते. तेवढा कागद कोरा सोडावा लागतो.