नाण्याची कडा

[दृश्य: फोर्ट. फुटपाथवर चादरीवर मांडलेली जुनी नाणी]

नाणं हातात आलं की आपण आकडा बघतो, फार तर राजाचं तोंड. नाण्याचा खरा पहारेकरी मात्र कडेवर असतो. दहाच्या नाण्याच्या कडेवरून नख फिरवा, बारीक दाते लागतील. विसाच्या नाण्याला ते नाहीत, तिथे बारा बाजू आहेत.

शेरशाह सूरीचा चांदीचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. खालच्या ठशावर चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरं अर्धवट उमटायची आणि कडा उघडी राहायची. उघड्या कडेची चांदी कातरली तरी कळणार कसं? म्हणून सराफ प्रत्येक नाणं तोलायचा, वाजवून बघायचा आणि बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापायचा. जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा आणखी वेगळा. रुपया एकच, पण दर दुकानागणिक बदलणार!

[दृश्य: शहीद भगतसिंग मार्ग. मुंबई टाकसाळीची खांबांची इमारत]

टाकसाळीची ही इमारत 1820 च्या दशकातली. 1835 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया ठरला. वजन एक तोळा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाने 180 ग्रेन. त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी.

यंत्राच्या नाण्याची रीत अशी. पत्र्यातून चकत्या पाडायच्या, भट्टीत तापवून मऊ करायच्या, आम्लात धुवायच्या. मग कडा दाबून किंचित उचलायची. शेवटी चकती दोन ठशांमध्ये जाते. तिच्याभोवती पोलादी कडं असतं. दाब पडला की धातू बाहेर पसरू पाहतो, कडं त्याला अडवतं आणि कड्याचे दाते नाण्यावर उमटतात. आता कोणी कड कातरली तर दाते गेलेले लगेच दिसतात.

चकती पुरेशी मऊ झाली नसेल, तर छाप उथळ येते आणि ठशावर ताण पडतो. ठसा तडकला की ती भेग पुढच्या प्रत्येक नाण्यावर उंच रेघ होऊन दिसते.

[दृश्य: चांदीचं मोठं नाणं, वर्ष 1780]

हे नाणं ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसाचं, थेलर. ती वारली 1780 साली. पण इथिओपिया आणि तांबड्या समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांना तेच नाणं हवं होतं, म्हणून पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याच वर्षाने ते पाडलं गेलं. 1935 मध्ये मुसोलिनीने ते पाडण्याचा हक्क इटलीकडे घेतला. ब्रिटिशांनी मग लंडनला पाडायला सुरुवात केली आणि 1940-41 मध्ये आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही! वजन 28 ग्रॅमच्या वर, चांदी हजारात 833 भाग.

त्याच्या कडेवर दाते नसून उठावाची लॅटिन अक्षरं आहेत. अखंड कड्यातून असं नाणं बाहेर निघतच नाही, अक्षरं अडकतात. कडं तुकड्यातुकड्यांचं, उघडणारं लागतं. परक्या नाण्याची नक्कल करताना टाकसाळीची खरी परीक्षा इथेच होते.

[दृश्य: पाचचं पिवळं नाणं, वजनकाट्यावर]

आज चांदी गेली, कातरण्यात कमाई उरली नाही. पण कडेची फसवणूक नव्या रूपात आली आहे: 'टाकसाळीची चूक' म्हणून बिनदात्यांची नाणी भलत्या भावात विकली जातात. विकत घेण्याआधी दोनच गोष्टी मोजा. 2011 च्या मालिकेतलं पाचचं नाणं 23 मिलिमीटर रुंद आणि 6 ग्रॅम वजनाचं. चकती कड्यात नीट बसलीच नसेल, तर धातू पसरतो: नाणं 23 पेक्षा रुंद होतं, वजन मात्र तेवढंच राहतं. कानशीने घासलेलं नाणं अरुंदही असतं आणि हलकंही. वर्षाखालची, पत्त्यांतल्या चौकटीसारखी छोटी खूण म्हणजे मुंबईची. पण ती बघून चूक खरी ठरत नाही, तिथे वजनकाटाच लागतो.