तेल गेलं, तूप परत आलं

(दृश्य: नागपूर, सकाळ. रस्त्याकडेची पोह्यांची गाडी.)

पोह्यांवर चण्याचा रस्सा पडतो. त्या रश्श्यावर लालभडक तेल तरंगत असतं, तीच तर्री. इथे पोहे कसे झालेत हे कुणी विचारत नाही. तर्री कशी आहे, ते विचारतात.

जुलै २०२५ मध्ये याच शहराच्या नावाने एक बातमी देशभर फिरली. समोसा आणि जिलेबीवर म्हणे सिगारेटसारखा इशारा येणार! केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना एक पत्र पाठवलं होतं. कुठल्या पदार्थात किती तेल, किती साखर, हे सांगणारे फलक उपाहारगृहांत आणि बैठकीच्या खोल्यांत लावा, असं त्यात सुचवलं होतं. नागपूरच्या एम्सचं नाव बातमीत आलं आणि मोबाइलवर पूर आला. कुणाला जिलेबी खाऊन नव्वदी गाठलेले आजोबा आठवले, तर कुणी आधी पिझ्झा-बर्गरकडे बोट दाखवलं. यादीत वडापावही आहे म्हटल्यावर मुंबईकर गप्प बसतील, हे तर शक्यच नव्हतं.

१५ जुलैला सरकारने खुलासा केला. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा आदेशच नाही. हा खुलासा किती जणांनी पुढे पाठवला, ते विचारू नका.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण लोक नुसते विनोद करत नव्हते, चिडलेही होते. ती चीड एका दिवसाची नाही. ती फडताळात वरच्या फळीवर सापडते.

(दृश्य: पिवळा पत्र्याचा डबा, त्यावर ताडाचं हिरवं झाड. डब्यात तुळस.)

डालडा. १९३७ साली बाजारात आला, तो मुंबईत शिवडीच्या कारखान्यातून. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडायचा, म्हणजे ते तुपासारखं थिजतं. तूप महाग, हे स्वस्त. विरोध तेव्हाही झाला. गांधीजी विरोधात होते, स्वातंत्र्यानंतर संसदेतही बंदीची मागणी झाली, डोळे जातात अशी अफवाही उठली. बंदी काही आली नाही. मात्र तुपात केलेली भेसळ ओळखता यावी म्हणून डालडासारख्या वनस्पती तुपात थोडं तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. प्रयोगशाळेत रसायन टाकलं की रंग लाल होतो आणि लबाडी उघडी पडते. म्हणजे तेव्हाची काळजी मुख्यतः फसवणुकीची होती. हृदय अजून चर्चेत यायचं होतं.

ते आलं अमेरिकेतून. १९६१ साली तिथल्या हार्ट असोसिएशनने प्राणिज चरबीऐवजी वनस्पती तेलं वापरायला सांगितलं. हा सल्ला हळूहळू आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उतरला: तूप बंद. ‘खाईन तर तुपाशी’ म्हणणाऱ्या घरांत वरणभातावरची धार थेंबावर आली. आमच्या आजीने ही बंदी पाळली, पण नैवेद्याचं पान वगळून. देवाला कोलेस्टेरॉल नसतं, एवढं तिचं स्पष्टीकरण.

(दृश्य: सोलापूरकडचं काळं रान. ज्वारीच्या कडेने करडई.)

करडई काटेरी, म्हणून ज्वारीच्या कडेने पेरायची. गुरं आत शिरत नाहीत. घाण्यावर तिचं तेल निघायचं आणि घरात वापरलं जायचं, त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. हृदयाची भीती आली, तसं शहरात तेच तेल रिफाइंड होऊन, डब्यावर निरोगी कुटुंबाचं चित्र घेऊन परतलं. भाव अर्थात वेगळा.

आणि वनस्पती तूप? नावातच वनस्पती. तूप वाईट ठरलेल्या काळात ते निर्धोक वाटणं साहजिक होतं. मग १९९० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की तेल असं थिजवताना तयार होणारे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमीही करतात. तुपाच्या जागी आलेला पाहुणाच जास्त घातक निघाला.

भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली जानेवारी २०२२ मध्ये. आदल्याच वर्षी ती ३ टक्के होती. हृदयाच्या काळजीतून आलेला, कायद्याचा दात असलेला बदल हाच. त्यावर ना विनोद फिरले, ना आजोबा आठवले. खारी-बिस्किटाच्या पुड्यामागच्या बारीक अक्षरांत तो निमूटपणे जाऊन बसला.

दरम्यान तूप परतलं. लाकडी घाण्याची दुकानं गल्लोगल्ली निघाली. डबा बदला म्हणून सांगायला आजवर डॉक्टर आले, जाहिराती आल्या, आता रील आले. आधीचा डबा चुकला होता, हे सांगायला मात्र दारात कुणी आलं नाही. म्हणून नवा सल्ला आला की लोक तो ऐकण्याआधी मागचा हिशेब काढतात. मला त्यात अडाणीपणा दिसत नाही.

हिशेब काढायचाच, तर एक राहून गेलेला. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची १७ सूत्रं नव्याने मांडली. गाजलं काय, तर जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, हे. चहावर गदा आली म्हटल्यावर बाकीची सोळा वाचतो कोण? त्यात रोजच्या २,००० किलोकॅलरींच्या ताटात तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो. म्हणजे वाण्याकडून आणलेला १५ किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा, आणि तोही तुपाचा थेंब न घेता.

(दृश्य: पुन्हा पोह्यांची गाडी. प्लेट पुढे येते.)

“भाऊ, तर्री अजून टाका ना.”