धडा खेळाच्या नियमात असू द्या

(बालमंडळीच्या शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

बंधुभगिनींनो,

संडे स्कूलमध्ये खेळ कधी घेतला जातो, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मुलं चुळबुळ करू लागली, पाठ लवकर आटोपला किंवा मोठ्यांची उपासना लांबली, की खेळ. कधी उलटंही असतं. आधी दमवायचं, म्हणजे नंतर गोष्ट सांगताना शांत बसतील. दोन्हींत खेळाचा शास्त्रभागाशी, म्हणजे त्या दिवशीच्या बायबलमधल्या उताऱ्याशी, काडीचाही संबंध नसतो. तो जोडता येतो, आणि तो जोडायची जागा म्हणजे खेळाचा नियम. मला आज एवढंच सांगायचं आहे.

संगीत खुर्ची घ्या. खुर्च्यांना तारवाची चित्रं चिकटवली, पावसाचा आवाज लावला, आवाज थांबला की खुर्ची पकडायची, उरेल तो बाद. नाव दिलं ‘नोहाचं तारू’. मुलं यातून काय घेऊन गेली? जो धक्का मारून पुढे घुसला तो वाचला, आणि बारकं, लाजरं मूल बुडालं. उत्पत्तीच्या पुस्तकात तर देव नोहाला कुटुंबासकट आत बोलावतो आणि सातव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात दारही परमेश्वरच लावतो. चित्रं कथेची होती, नियम मात्र कथेच्या विरुद्ध. आणि मुलांच्या अंगात मुरतो तो नियम.

हाच खेळ थोडा बदला. खुर्च्यांऐवजी जमिनीवर चटया घाला. दर फेरीला एक चटई काढा, पण मूल एकही काढू नका. उरलेल्या चटयांवर सगळ्यांनी मावायचं. शेवटची चटई उरते तेव्हा मोठी मुलं लहानांना उचलून घेतात, एकमेकांचे हात घट्ट धरतात. आता गलतीकरांस पत्रातलं ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे वचन वाचा. त्याचा अर्थ वेगळा सांगत बसावं लागणार नाही.

काही पालक विचारतात, देवाच्या घरात खेळ कशाला? प्रश्न मनापासून आलेला असतो, त्याला उत्तरही तसंच द्यायला हवं. जखऱ्या संदेष्टा यरुशलेमेच्या पुनःस्थापनेचं चित्र काढतो, त्यात नगराचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले आहेत. बाजारात बसलेली मुलं सवंगड्यांना म्हणतात, आम्ही पावा वाजवला तरी तुम्ही नाचला नाहीत. तो दाखला प्रभू येशूनेच दिला. मुलं लग्नाचा आणि मर्तिकाचा खेळ खेळतात, त्यात रुसवेफुगवे होतात, हे त्याने पाहिलेलं होतं. आणि यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून आणायला सांगितलं, ते पुढे मुलांनी ‘हे धोंडे कसले?’ असं विचारावं म्हणून. आधी डोळ्यांसमोर काहीतरी ठेवायचं, मुलाला प्रश्न पडू द्यायचा, मग सांगायचं. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, विधीतही हाच क्रम आहे.

आपल्या हाती आलेली पद्धत मात्र वर्गाची आहे. 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल सुरू केली. आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना लिहायला-वाचायला यावं, हा तिथला मोठा हेतू होता. म्हणून बाकं, घोकंपट्टी, परीक्षा, बक्षिसं आली. त्या मुलांवर तो मोठाच उपकार होता. आज आपल्याकडे येणारी बहुतेक मुलं आठवडाभर शाळेच्या बाकावरच बसलेली असतात. रविवारी त्यांना पुन्हा तेच कशाला द्यायचं?

आता यरीहोचा खेळ जरा सविस्तर सांगते, कारण तो मला फार प्रिय आहे. यरीहो म्हणजे तटबंदीचं शहर; यहोशवाच्या मागे इस्राएल लोक त्याच्याभोवती सात दिवस फिरले आणि तट कोसळला. खोलीच्या मधोमध रिकाम्या खोक्यांची भिंत उभी करा. तळाच्या खोक्यांना आतून दोरी बांधा आणि तिचं टोक तुमच्या हातात ठेवा. मुलांनी ओळीने एक फेरी मारायची आणि जागेवर येऊन बसायचं. हा झाला पहिला दिवस. असे सहा दिवस. यहोशवाने लोकांना सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. म्हणून खेळातही चकार शब्द नाही. कोणी हसलं तर त्याला बाद करायचं नाही, सगळ्यांनी मिळून तो दिवस पुन्हा चालायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यांकडे बघा. ती भिंतीकडे बघतात, मग तुमच्याकडे बघतात. काहीच घडत नाही! एक खोकं हलत नाही. पुन्हा उठायचं, चालायचं, बसायचं. सातव्या दिवशी सात फेऱ्या, कर्णा, आणि मग एकदाच मोठ्याने जयघोष. त्या क्षणी तुम्ही दोरी ओढायची.

मुलांना भिंतीला हात लावू द्यायचा नाही, एवढं कृपा करून पाळा. लाथ मारून खोकी पाडायला मुलांना मजा येईल, पण मग यरीहो आपल्या जोरावर पडलं असं होईल. इब्री लोकांस पत्र म्हणतं, ते तट विश्वासाने पडले. खेळ संपल्यावर भिंत कशी पडली ते विचारू नका. विचारा, ‘चौथ्या दिवशी तुला काय वाटत होतं?’ अगदी लहान मूलही सांगतं, मला वाटलं हे उगाचच चाललंय. प्रार्थना करूनही घरातलं आजारपण हटत नाही असं मूल तुमच्या वर्गात असेल, तर या प्रश्नाने त्याच्यासाठी बोलायची वाट उघडते. तिथे घाई करू नका. सातवा दिवस येईलच असं आश्वासनही देऊ नका, नुसतं ऐका.

खेळानंतरचं हे बोलणं मला खेळाइतकंच मोलाचं वाटतं. वीस मिनिटं खेळलात तर दहा मिनिटं बोलायला ठेवा. आधी काय झालं, मग काय वाटलं, मग शास्त्रात असं कुठे घडतं, हा क्रम ठेवा. आणि वचन शेवटी वाचा.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला तर खेळल्याशिवाय मुलांना कळतच नाही असं माझं मत आहे. एका टोपलीतले चवळीचे दाणे चमच्याने दुसऱ्या टोपलीत न्यायचे. काही मुलं सुरुवातीपासून कामाला, बाकीची बसलेली. अधूनमधून एकेकाला बोलवायचं, शेवटच्याला अगदी शेवटच्या मिनिटाला. मग सगळ्यांना एकसारखं एकेक नाणं, शेवटी आलेल्याला आधी. एका वर्गात पहिल्या मुलीने नाणं टेबलावर आपटलं आणि म्हणाली, ‘टीचर, हा अन्याय आहे.’ सगळे तिच्या बाजूने बोलू लागले. तेवढ्यात शेवटी आलेला मुलगा हळूच म्हणाला, ‘मला वाटलं मला कोणी बोलावणारच नाही.’ मत्तयाच्या विसाव्या अध्यायात शेवटचे मजूर जवळजवळ हेच म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावलं नाही म्हणून. आम्ही तो भाग तेव्हा वाचला. ती मुलगी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिला पटलं की नाही, मी विचारलं नाही. दाखल्यातही कुरकुर करणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते प्रभूने सांगितलेलं नाही.

वचनपाठांतराचे खेळ सोपे आहेत. चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून क्रम लावा, वर्तुळात चेंडू फेकत एकेक शब्द म्हणा. फक्त गुणांचा तक्ता लावू नका. दर रविवारी त्याच दोन मुलांची नावं वर राहतात, आणि वाचायला अडखळणारं मूल देवाच्या वचनाला घाबरायला लागतं. गट करा, घड्याळाशी शर्यत लावा, म्हणजे जिंकायचं तर सगळ्यांनी मिळून. पाच वर्षांखालच्यांना नियमांचा खेळ झेपत नाही, त्यांच्यासाठी नक्कल पुरे. रात्री देवाची हाक आली की बाळ शमुवेलाने ती एली याजकाची समजून अंथरुणातून उठून त्याच्याकडे धावायचं, तीनदा, आणि चौथ्यांदा तिथेच थांबून म्हणायचं, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ व्हीलचेअरवरचं मूल असेल तर आधी त्याला डोळ्यांपुढे ठेवून खेळ रचा, मग बाकीच्यांचा विचार करा.

काही शास्त्रभागांचा खेळ करू नये. वधस्तंभ, बेथलेहेमातल्या बालकांची हत्या, इसहाकाला वेदीवर बांधणं. तिथे गोष्ट सांगा, मेणबत्ती लावा, चित्र काढू द्या. तिथे जिंकणं-हरणं आलं की मुलाच्या मनात भलतंच काही रुजतं.

आता तुमच्या हातातल्या कागदावर मार्काचा दुसरा अध्याय आहे. चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात. एक चादर, चार कोपरे, चार मुलं, मधे एक बाहुली आणि दारात गर्दी, इतकंच साहित्य धरा. गटागटाने अर्ध्या तासात खेळ रचा. साहित्य मी वाटतेच आहे, पण आधी फक्त एक नियम लिहून मला दाखवा.