गोमुखाच्या वरचा बर्फ चालतो कसा?

समोर हा जो करडा, मळकट कडा दिसतोय ना, मध्येच निळी झाक मारणारा, तो खडक नाही, बर्फ आहे. हे गोमुख. उंची साधारण ४,००० मीटर, गंगोत्री हिमनदीचं टोक, आणि खालच्या गुहेतून उसळत बाहेर पडतेय ती भागीरथी. इथून मागे पार चौखंबा शिखरांपर्यंत जवळपास ३० किलोमीटर हा बर्फ पसरलाय आणि तो सगळा चालतोय, आत्ता, आपण बघतोय तेव्हासुद्धा.

ही निळाई जरा जवळून बघा. वर चौखंब्याच्या अंगाला पडतो तो हिम भुसभुशीत असतो, त्यात बर्फापेक्षा हवाच जास्त. दरवर्षी नवा थर बसतो, जुना दबतो, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, हवा निघून जाते आणि उरलीसुरली बारीक बुडबुड्यांत कोंडली जाते. असा घट्ट झालेला बर्फ उजेडातला लाल रंग शोषून घेतो, म्हणून आपल्याला निळा दिसतो.

पण एवढा टणक बर्फ वाहतो कसा? खरी कमाल इथे आहे. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीच्या थरांमध्ये बसलेले असतात, वरून वजन आलं आणि खाली उतार मिळाला की हे थर पत्त्यांच्या कॅटमधल्या पानांसारखे एकमेकांवरून सरकतात, म्हणजे बर्फ वितळत नाही, तुटत नाही, घन राहूनच आकार बदलत पुढे जातो. १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये जॉन ग्लेन यांनी बर्फाचे ठोकळे दाबाखाली ठेवून हे मोजलं आणि त्यातून जो नियम आला तो थक्क करणारा आहे: ताण दुप्पट केला तर बर्फाचा वेग दुप्पट नाही, साधारण आठपट होतो!

आता वरून बघा, या भेगा. वरच्या थरावर दाब कमी, त्यामुळे तिथला बर्फ ताण पडला की सरळ तडकतो. पण अशा भेगा बहुतेक वेळा ३०-४० मीटरच्या पुढे जात नाहीत कारण त्याखाली दाबच इतका असतो की बर्फ वाहून फट मिटवून टाकतो.

आणि तळाशी पाणी असतं. वरचं झिरपलेलं, शिवाय दाबाने बर्फाचा वितळणबिंदूही उतरतो, १०० मीटर बर्फाखाली जेमतेम ०.०७ अंश, पण तळाचा बर्फ आधीच वितळायच्या बेतात असेल तर तेवढंही पुरतं. मग अख्खी हिमनदी खडकावरून घसरते, आत अडकलेले दगड खडक खरवडतात, हे ओरखडे त्याचेच, आणि त्या रगडण्यातून जे दगडाचं पीठ निघतं त्यानेच भागीरथीचं पाणी इथे असं दुधट करडं दिसतं.

१९३५ पासून हे टोक दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. बर्फ काही उलटा चढत नाही, तो रोज खालीच येतोय, फक्त येतो त्याहून जास्त वितळतोय. आणि जाडी घटली की ताण घटतो, ताण घटला की ग्लेनच्या त्याच नियमाने वेग आणखी पडतो, म्हणजे वरून टोकापर्यंत पोचणारा बर्फही कमी. हर्षिल, उत्तरकाशी, टिहरी, सगळी याच पाण्यावर.